झटक्यानंतरची जोखीम कशी मोजतात

हृदयविकाराचा झटका आलेल्या सगळ्याच रुग्णांच्या जिवाला सारखा धोका नसतो. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी करोनरी धमनी गुठळीने तुंबते आणि तिच्यावर अवलंबून असलेला स्नायू मरू लागतो, एवढे सगळ्यांत समान. धमनी मुळाशी बंद झाली की टोकाशी, किती स्नायू गेला, उरलेल्या स्नायूला रक्ताभिसरणाचा भार पेलवतो आहे का, रुग्णाचे वय किती, मूत्रपिंडे कशी आहेत, उपचार किती वेळात मिळाले, यांवर पुढचे सारे अवलंबून असते. एखादा रुग्ण तीन-चार दिवसांत आपल्या पायांनी घरी जातो, तर एखादा पहिल्याच रात्री दगावतो. कोण कोणत्या वाटेने जाईल याचा अंदाज दाखल झाल्यापासून तासाभरात, तेवढ्या वेळात हाती येणाऱ्या माहितीवरूनच बांधता यावा, यासाठी जोखीम-गुणांक तयार झाले. रुग्णाच्या मोजक्या नोंदींना ठरलेले गुण द्यायचे, त्यांची बेरीज करायची आणि बेरजेवरून मृत्यूची शक्यता टक्क्यांत वाचायची, अशी ही पद्धत आहे.

अनुभवी डॉक्टरला हे नजरेने कळत नाही असे नाही. पण नजर फसते, आणि ती ठरावीक दिशेने फसते. घामाने थबथबलेला, छाती धरून कळवळणारा पन्नाशीचा पुरुष फार आजारी दिसतो. त्याच्या पलीकडच्या खाटेवर अठ्ठ्याहत्तर वर्षांची मधुमेही बाई शांत पडलेली असते. तिच्या छातीत फारसे दुखत नाही, नुसता दम लागतो आहे. धावपळीच्या वॉर्डात तिच्याकडे दुर्लक्ष होणे सोपे आहे. प्रत्यक्षात तिचा धोका त्या पुरुषाच्या कितीतरी पट असू शकतो. वय, नाडी, रक्तदाब आणि फुप्फुसांतले पाणी यांची नोंद करून बेरीज मांडली की ते कागदावर दिसते. गुणांकांचा खरा उपयोग इथे आहे.

खाटेजवळची प्रतवारी

झटक्याच्या रुग्णांची अशी प्रतवारी करण्याचे प्रयत्न १९६०च्या दशकात सुरू झाले. त्याआधी झटका आलेल्याला सक्तीची विश्रांती देणे, दुखणे कमी करणे आणि वाट पाहणे याखेरीज फारसे काही करता येत नव्हते. १९६१मध्ये डेस्मंड ज्युलियन या ब्रिटिश डॉक्टरने अशा रुग्णांना एकाच कक्षात ठेवून त्यांच्या हृदयाच्या ठोक्यांवर सतत लक्ष ठेवण्याची कल्पना मांडली. त्यातून पुढे सीसीयू म्हणजे हृदयरोग अतिदक्षता विभाग आला. एका छताखाली एकाच आजाराचे रुग्ण जमले, त्यांच्या नोंदी एका पद्धतीने होऊ लागल्या आणि मग तुलना करणे शक्य झाले. १९६२मध्ये पील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वय, आधीचा हृदयविकार, शॉक, हृदयाची कमजोरी, ईसीजीतले बदल आणि ठोक्यांची लय यांना गुण देणारा निर्देशांक प्रसिद्ध केला. १९६९मध्ये न्यूझीलंडच्या रॉबिन नॉरिस यांनी दुसरा मांडला. त्यात छातीच्या एक्स-रेवर दिसणारा हृदयाचा आकार आणि फुप्फुसांची स्थिती यांनाही जागा होती. हे दोन्ही आज कोणी वापरत नाही.

टिकली ती मात्र त्यांच्याहून साधी गोष्ट. न्यूयॉर्कमधले थॉमस किलिप आणि जॉन किंबल यांनी १९६७मध्ये सीसीयूतल्या २५० रुग्णांचा दोन वर्षांचा अनुभव प्रसिद्ध केला. रुग्णांचे चार वर्ग त्यांनी केवळ तपासणीवरून पाडले. त्यासाठी स्टेथोस्कोप पुरे होता. रुग्णाला थोडे बसते करून पाठीवर, फुप्फुसांच्या तळाशी स्टेथोस्कोप लावायचा आणि दीर्घ श्वास घ्यायला सांगायचे. श्वास स्वच्छ ऐकू आला तर पहिला वर्ग. श्वास घेताना फुप्फुसांच्या खालच्या अर्ध्या भागात बारीक चरचर ऐकू आली, किंवा हृदयाचा एरवी नसणारा तिसरा आवाज आला, तर दुसरा. फुप्फुसे पाण्याने भरून रुग्णाला आडवे पडता येईनासे झाले, तर तिसरा. रक्तदाब घसरलेला, हातपाय गार, लघवी कमी आणि ग्लानी, म्हणजेच शॉक असला, तर चौथा.

त्या २५० रुग्णांपैकी पहिल्या वर्गातले ६ टक्के दगावले, दुसऱ्यातले १७, तिसऱ्यातले ३८ आणि चौथ्यातले ८१ टक्के. फुप्फुसांच्या तळाशी ऐकू येणारी जराशी चरचर मृत्यूचा धोका जवळजवळ तिप्पट करत होती. त्यामागचे कारण सरळ आहे. डावा कप्पा कमजोर झाला की तो रक्त पुरेसे पुढे ढकलू शकत नाही. मागे फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत दाब वाढतो आणि द्रव हवेच्या पिशव्यांत झिरपतो. स्टेथोस्कोपमध्ये ऐकू येते ती हृदयाचा किती स्नायू निकामी झाला याची खूण. आज सोनोग्राफी, ट्रोपोनिन आणि अँजिओग्राफी हाताशी आहेत. तरी झटक्याच्या रुग्णाचा केसपेपर पाहिला तर त्यावर 'किलिप १' किंवा 'किलिप २' लिहिलेले असते. तपासणीच्या दोन मिनिटांत आणि बिनखर्चाने एवढी माहिती देणारे दुसरे साधन हृदयरोगात क्वचितच सापडेल.

बेरजेमागचे गणित

पुढची मोठी भर पडली ती गुठळी विरघळवणाऱ्या औषधांच्या चाचण्यांमुळे. या चाचण्या हजारो रुग्णांवर झाल्या. प्रत्येकाच्या दाखल होतानाच्या नोंदी होत्या आणि महिनाभराने तो जिवंत आहे की नाही हेही नोंदलेले होते. १९९०च्या दशकातल्या गस्टो-१ या चाचणीत ४१,०२१ रुग्ण होते. त्यांच्या नोंदींचे विश्लेषण १९९५मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे पंचेचाळिशीच्या आतल्या रुग्णांत तीस दिवसांतला मृत्युदर १.१ टक्के होता आणि पंचाहत्तरीच्या पुढे २०.५ टक्के. मृत्यूचा अंदाज बांधण्यासाठी डझनावारी घटक तपासले गेले. पण वय, वरचा रक्तदाब, किलिप वर्ग, नाडीचा वेग आणि झटका हृदयाच्या पुढच्या भिंतीला आहे की नाही, या पाच गोष्टींतच उपयोगी माहितीचा सुमारे ९० टक्के भाग सामावलेला निघाला. पाचांपैकी ईसीजी सोडला तर बाकीचे सारे तालुक्याच्या दवाखान्यातही यंत्राशिवाय कळते.

गुणांक बनवण्याची रीत अशी. आधी मोठा रुग्णसमूह घ्यायचा. प्रत्येक घटक इतरांपासून वेगळा काढून पाहायचा, की बाकी सारे सारखे असताना एवढ्या एकाच्या फरकाने मृत्यूची शक्यता किती बदलते. म्हाताऱ्या माणसांत मधुमेह जास्त आढळतो. मग धोका वयामुळे वाढला की मधुमेहामुळे? दोन्हींचा वाटा अलग करण्याचे काम संख्याशास्त्र करते. ज्याचा वाटा मोठा त्याला जास्त गुण, ज्याचा लहान त्याला कमी, आणि ज्याचा वाटा इतरांत मिसळून जातो तो घटक वगळायचा. अपूर्णांक सोडून पूर्णांक घ्यायचे, म्हणजे खाटेजवळ तोंडी बेरीज होईल. शेवटी हा गुणांक ज्यांच्यावर बनवला नाही अशा वेगळ्या रुग्णांवर लावून पाहायचा. ही शेवटची पायरी गाळली तर गुणांकावर विसंबता येत नाही. आपल्याच रुग्णांची गोळाबेरीज तो बरोबर सांगणारच.

२०००मध्ये बॉस्टनच्या टिमी गटाने असे दोन गुणांक प्रसिद्ध केले. दोन का, हे समजायला झटक्याचे दोन प्रकार माहीत हवेत. ईसीजीच्या आलेखात एसटी नावाचा एक तुकडा असतो. धमनी पूर्ण बंद झाली की तो सहसा वर उचललेला दिसतो. अशा झटक्याला डॉक्टर 'स्टेमी' म्हणतात आणि त्यात धमनी ताबडतोब उघडावी लागते. धमनी अर्धवट बंद असेल तर एसटी उचललेला नसतो. रक्तातले ट्रोपोनिन वाढले की मग झटक्याचे निदान होते. हा 'एनस्टेमी'. पहिल्यात काय करायचे ते ठरलेलेच असते, प्रश्न वेळेचा असतो. दुसऱ्यात कोणाला आज अँजिओग्राफीला न्यायचे आणि कोणासाठी थांबले तरी चालेल, हे ठरवावे लागते.

स्टेमीसाठीचा टिमी गुणांक १४,११४ रुग्णांच्या इनटाइम-२ या चाचणीवरून बनला. वय ६५ ते ७४ असल्यास २ गुण, ७५ वा अधिक असल्यास ३. वरचा रक्तदाब १००च्या खाली असल्यास ३. नाडी १००च्या वर असल्यास २. किलिप वर्ग दुसरा किंवा वरचा असल्यास २. मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा आधीपासून अंजायना असल्यास १. पुढच्या भिंतीचा झटका किंवा ईसीजीत डाव्या शाखेचा अडथळा असल्यास १. वजन ६७ किलोपेक्षा कमी असल्यास १. उपचाराला चार तासांहून जास्त उशीर झाल्यास १. एकूण १४. शून्य गुणांच्या रुग्णांत तीस दिवसांतला मृत्युदर ०.८ टक्के होता, ३ गुणांना ४.४, ५ गुणांना १२.४ आणि ८च्या पुढे ३५.९ टक्के.

या यादीतला वजनाचा गुण भारतीय वाचकाने थांबून पाहण्यासारखा आहे. पाश्चात्त्य चाचण्यांत ६७ किलोच्या आत भरणारे रुग्ण बहुधा वयस्क, कृश आणि स्त्रिया असत. त्यांचा धोका खरोखरच जास्त होता. महाराष्ट्रातल्या कोणत्याही जिल्हा रुग्णालयात मात्र धडधाकट शेतकऱ्याचे वजनही ६० किलो असू शकते. त्याला मिळणारा एक गुण कृशतेमुळे मिळाला की निव्वळ शरीरयष्टीमुळे, हे गुणांकाला कळत नाही. दुसऱ्या देशात शिवलेला गुणांक इथे जसाच्या तसा घालताना अशा जागा तपासून घ्याव्या लागतात.

ग्रेस : आठ नोंदी

औषधचाचणीत कोणाला घ्यायचे याचे नियम कडक असतात. फार म्हातारे, मूत्रपिंडे निकामी झालेले, दाखल होतानाच हृदय बंद पडलेले रुग्ण त्यांतून गळतात, म्हणजे ज्यांचा धोका सर्वांत जास्त तेच. ही उणीव भरून काढण्यासाठी १९९९मध्ये ग्रेस ही आंतरराष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. चौदा देशांतल्या रुग्णालयांत जे रुग्ण येतील त्यांची नोंद तिच्यात होत गेली. रुग्ण निवडून घेतलेले नव्हते. २००३मध्ये क्रिस्टोफर ग्रेंजर आणि सहकाऱ्यांनी ११,३८९ रुग्णांच्या माहितीवरून रुग्णालयातल्या मृत्यूचा गुणांक मांडला. त्यात आठ नोंदी आहेत : वय, नाडी, वरचा रक्तदाब, क्रिएटिनिन, किलिप वर्ग, दाखल होताना हृदय बंद पडले होते का, एसटी तुकड्यात बदल आहे का, आणि हृदयाची एन्झाइम्स वाढलेली आहेत का.

बेरीज प्रत्यक्ष कशी होते ते दोन काल्पनिक रुग्णांवरून पाहता येईल. ४५ वर्षांचा एक पुरुष आहे. वयाचे २५ गुण. नाडी ७८, तिचे ९. रक्तदाब १४४, त्याचे २४. क्रिएटिनिन ०.९, त्याचे ७. फुप्फुसे स्वच्छ आणि एसटी जागच्या जागी, म्हणून दोन्हींचे शून्य. ट्रोपोनिन वाढलेले, त्याचे १४. बेरीज ७९. तक्त्यानुसार रुग्णालयात मृत्यूची शक्यता सुमारे ०.४ टक्के. दुसरी ६८ वर्षांची बाई. वयाचे ५८. नाडी ९६, तिचे १५. रक्तदाब ११८, त्याचे ४३. क्रिएटिनिन १.३, त्याचे १०. फुप्फुसांच्या तळाशी चरचर, म्हणजे किलिप दुसरा, त्याचे २०. एसटी खाली गेलेला, त्याचे २८. ट्रोपोनिनचे १४. बेरीज १८८, आणि मृत्यूची शक्यता १२ टक्क्यांच्या आसपास. दोघांनाही एनस्टेमी, पण धोक्यात जवळजवळ तीस पटींचा फरक.

या बाईच्या नोंदी सुट्या सुट्या पाहिल्या तर त्यांतली एकही दचकवणारी नाही. ११८ रक्तदाब पाहून कोणीही 'प्रेशर नॉर्मल आहे' म्हणेल. ग्रेसच्या तक्त्यात मात्र रक्तदाब जितका कमी तितके गुण जास्त, आणि २०० किंवा त्याहून वर गेला तर शून्य. आयुष्यभर रक्तदाब कमी ठेवा असे ऐकलेल्यांना हे उलटे वाटेल. झटक्याच्या वेळी परिस्थिती वेगळी असते. वेदना आणि भीतीने रक्तदाब वाढायला हवा. तो वाढत नसेल, तर पंपाची ताकदच कमी पडते आहे, असा त्याचा अर्थ होतो. क्रिएटिनिनचेही तसेच. ते मूत्रपिंडांची जुनी दुखापत दाखवते, शिवाय आत्ता त्यांना रक्त पुरेसे पोहोचत नसल्याची खूणही त्यात असू शकते.

पुढे ग्रेसच्याच माहितीवरून रुग्णालयातून घरी गेल्यानंतरच्या सहा महिन्यांचा अंदाज देणारे गुणांक निघाले. २०१४मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीने तो काळ एक आणि तीन वर्षांपर्यंत नेला. आता तक्ता पाठ करावा लागत नाही. मोबाइलवर आठ रकाने भरले की उत्तर मिळते.

आकडा आल्यावर काय करायचे

टक्केवारी काढून केसपेपरवर लिहून ठेवली आणि उपचार तेच राहिले, तर रुग्णाचा काही फायदा नाही. आकड्यावरून निर्णय बदलायला हवा. एनस्टेमीत तसा निर्णय आहे. २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या टायमॅक्स चाचणीत काही रुग्णांची अँजिओग्राफी २४ तासांच्या आत केली गेली आणि काहींची ३६ तासांनंतर. सगळ्यांची सरासरी काढली तर फरक पडल्याचे दिसले नाही. पण ज्यांचा ग्रेस गुणांक १४०च्या वर होता अशांना वेगळे काढून पाहिले, तेव्हा सहा महिन्यांत मृत्यू, पुन्हा झटका किंवा पक्षाघात होण्याचे प्रमाण लवकर केलेल्यांत १३.९ टक्के आणि उशिरा केलेल्यांत २१ टक्के आढळले. युरोपीय हृदयरोग संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत १४० ही रेषा आली ती अशा पुराव्यामुळे. वरच्या उदाहरणातली बाई या रेषेच्या खूप पलीकडे आहे. तिची अँजिओग्राफी सोमवारपर्यंत लांबवणे योग्य नाही.

कमी जोखमीच्या बाजूनेही उपयोग होतो. स्टेमीमध्ये अँजिओप्लास्टी नीट झाली की कोणाला लवकर घरी सोडता येईल, हे पाहण्यासाठी नेदरलँड्समधल्या झ्वोल शहरात एक गुणांक तयार झाला. किलिप वर्ग, वय, किती धमन्यांत अडथळे आहेत, अँजिओप्लास्टीनंतर रक्त किती मोकळे वाहते, अशा गोष्टी त्यात येतात. जिथे आयसीयूची खाट दिवसाच्या हिशेबाने महाग पडते आणि बाहेर पुढचा रुग्ण ताटकळत असतो, तिथे सुरक्षितपणे दोन दिवस आधी घरी पाठवता येणे ही मोठी सोय आहे.

इथे एक विचित्र गोष्ट वारंवार आढळली आहे. ज्यांचा धोका सर्वांत जास्त, त्यांनाच आक्रमक उपचार कमी मिळतात. अनेक देशांच्या नोंदींत कमी गुणांच्या रुग्णांची अँजिओग्राफी अधिक प्रमाणात झालेली दिसते. कारणे समजण्यासारखी आहेत. म्हाताऱ्या, मूत्रपिंडे कमजोर असलेल्या माणसाला रक्तस्राव होईल, डाय बाधेल, काही झाले तर नातेवाईक दोष देतील, अशी धास्ती असते. पण फायदा जिथे जास्त तिथेच हात आखडतो, हेही खरे.

मग सर्वांना गुणांक काढायला लावला तर मृत्यू कमी होतील का? ऑस्ट्रेलियात आणि ब्रिटनमध्ये हे प्रत्यक्ष तपासले गेले. काही रुग्णालयांना ग्रेस गुणांक नेमाने वापरायला सांगितला, काहींनी नेहमीप्रमाणे काम केले. दोन्ही चाचण्यांत रुग्णांच्या परिणामांत ठळक फरक दिसला नाही. ज्या रुग्णालयांत उपचार आधीच बऱ्यापैकी होतात तिथे आकड्याने फारशी भर पडत नाही, असा त्याचा एक अर्थ लावता येतो. आकडा ठाऊक असणे आणि त्यानुसार वागणे यांतले अंतरही त्यातून दिसते. गुणांकाने उपचार होत नाहीत, ते डॉक्टरलाच करावे लागतात. या निकालांनंतरही गुणांक टाकून द्यावा असे नाही, पण त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा धरणेही बरोबर नाही.

गुणांक किती खरा

गुणांकाची परीक्षा दोन प्रकारे होते आणि त्या दोन्हींची गल्लत नेहमी होते. पहिली परीक्षा क्रमाची. एक वाचलेला आणि एक दगावलेला अशा दोन रुग्णांची जोडी घेतली, तर दगावलेल्याला जास्त गुण मिळाले होते का? अशा सगळ्या शक्य जोड्यांत किती वेळा क्रम बरोबर लागला, ते शून्य ते एकच्या पट्टीवर सांगतात. नाणेफेक केली तर ०.५ येईल. ग्रेसचा हा आकडा मूळ अभ्यासात ०.८३ होता आणि दुसऱ्याच चाचणीतल्या रुग्णांवर लावला तेव्हा ०.७९. म्हणजे पाचांपैकी चार जोड्यांत क्रम बरोबर.

दुसरी परीक्षा खुद्द टक्केवारीची. ज्या रुग्णांना १० टक्के सांगितले त्यांतले शंभरात दहाच्या आसपास खरोखर दगावले का? वाण्याचा तराजू जड-हलके बरोबर दाखवत असेल, पण प्रत्येक वजनात शंभर ग्रॅम जास्त मोजत असेल, तर क्रम ठीक आणि मोजमाप चुकीचे. जुन्या गुणांकांत हा दोष काळाने येतो. किलिप आणि किंबल यांच्या काळी चौथ्या वर्गातले ८१ टक्के रुग्ण जात होते. गस्टो-१मध्ये तोच आकडा सुमारे ५८ टक्क्यांवर आला. वर्ग तोच राहिला, उपचार बदलले. शॉकमधल्या रुग्णाची धमनी तातडीने उघडली तर सहा महिन्यांतले मृत्यू ६३ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर येतात, हे १९९९मध्ये सिद्ध झाले. टिमी गुणांकही गुठळी विरघळवणाऱ्या औषधांच्या काळातला आहे. त्याची क्रमवारी आजही उपयोगी पडते, टक्के मात्र जसेच्या तसे वाचू नयेत.

गुणांक कोणावर बेतला, हाही प्रश्न आहे. २०२२मध्ये इंग्लंड, वेल्स, उत्तर आयर्लंड आणि स्वित्झर्लंडमधल्या चार लाखांहून अधिक एनस्टेमी रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. तेव्हा ग्रेसची दुसरी आवृत्ती स्त्रियांचा रुग्णालयातला धोका कमी दाखवते असे आढळले. बऱ्याच स्त्रिया जास्त जोखमीच्या असूनही खालच्या गटात मोजल्या जात होत्या, म्हणजे लवकरच्या अँजिओग्राफीपासून वंचित राहण्याची शक्यता. त्यावरून स्त्री आणि पुरुष यांचा वेगळा हिशेब करणारी तिसरी आवृत्ती बनवली गेली. वीस वर्षे जगभर वापरलेल्या साधनात एवढी चूक दडून राहू शकते, ही गंभीर बाब आहे.

आणि टक्के एका माणसाला लागू होत नाहीत. आयसीयूच्या दाराशी उभे असलेले नातेवाईक विचारतात, 'डॉक्टर, किती टक्के चान्स आहे?' उत्तर '१२ टक्के धोका' असे आले, तर त्याचा अर्थ असा की अशाच नोंदी असलेल्या शंभर रुग्णांपैकी बारा जण रुग्णालयात दगावतात आणि अठ्ठ्याऐंशी घरी जातात. आत झोपलेली व्यक्ती बारांतली की अठ्ठ्याऐंशींतली, हे गुणांक सांगू शकत नाही. ती जाईल किंवा वाचेल, बारा टक्के कोणीच जात नाही. उपचार थांबवण्याचे कारण म्हणून हा आकडा वापरणे म्हणूनच चूक ठरते. तो उपचार वाढवण्यासाठी बनवलेला आहे.

यादीत नसलेले घटक

भारतात या विषयावर झालेला मोठा अभ्यास म्हणजे क्रिएट ही नोंदवही. २००८मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्यात पन्नास शहरांतल्या ८९ रुग्णालयांतले २०,४६८ रुग्ण होते. त्यांचे सरासरी वय ५७.५ वर्षे, म्हणजे पाश्चात्त्य देशांतल्या रुग्णांपेक्षा कमी. वयाच्या रकान्यात आपल्या रुग्णांना गुण कमी पडायला हवे होते आणि मृत्यूही कमी व्हायला हवे होते. तरीही स्टेमीच्या रुग्णांत तीस दिवसांतला मृत्युदर ८.६ टक्के होता. गरीब रुग्णांत तो श्रीमंतांपेक्षा स्पष्टपणे जास्त होता. मिळालेल्या उपचारांतला फरक हिशेबात धरल्यावर ती तफावत पुसली गेली. गरिबांची हृदये वेगळी नव्हती, त्यांना औषधे आणि अँजिओप्लास्टी कमी मिळाली होती. कोणत्याही गुणांकात 'पैसे आहेत का' असा रकाना नाही, आणि तरी इथे त्याचे वजन किलिप वर्गाइतके भरू शकते.

घरी गेल्यावर हिशेब पुन्हा बदलतो. पहिल्या दिवसांत नाडी आणि रक्तदाब महत्त्वाचे, पुढच्या महिन्यांत हृदयाची आकुंचनाची ताकद. टू-डी इको तपासणीच्या अहवालात 'ईएफ' म्हणून जो टक्का लिहिलेला असतो तो हाच. प्रत्येक ठोक्याला डाव्या कप्प्यातले किती टक्के रक्त बाहेर फेकले जाते, ते तो सांगतो. निरोगी माणसात तो साधारण ५५ ते ७० असतो. तो ४०च्या खाली गेला की पुढच्या काळातला धोका वाढतो. ३०च्या आसपास किंवा त्याहून खाली राहिला, तर अचानक हृदय बंद पडण्याची भीती एवढी असते की शरीरात डिफिब्रिलेटर बसवण्याचा विचार करतात. मात्र झटक्यानंतर लगेच नाही. स्नायूचा काही भाग नुसता बधिर झालेला असतो आणि तो काही आठवड्यांत पुन्हा काम करू लागतो, म्हणून किमान चाळीस दिवस थांबून, औषधे चालू ठेवून इको पुन्हा करतात.

सर्व गुणांकांच्या सर्व रकान्यांत रुग्णाच्या आणि घरच्यांच्या हाती असलेला एकच आहे, तो वेळेचा. वय बदलत नाही, झटका कोणत्या भिंतीला आला ते बदलत नाही. क्रिएट नोंदवहीत स्टेमीच्या रुग्णांना दुखणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचायला लागलेला मध्यक वेळ ३६० मिनिटे, म्हणजे सहा तास होता. टिमी गुणांकातला चार तासांच्या उशिराचा गुण त्यांतल्या निम्म्याहून अधिक रुग्णांच्या खाती दारात पाऊल टाकण्याआधीच जमा झालेला होता. शिवाय उशीर त्या एका गुणावर थांबत नाही. स्नायू मरत राहिला की नाडी वाढते, रक्तदाब उतरतो, फुप्फुसांत पाणी साठते आणि इतर रकान्यांतले गुणही एकामागून एक चढत जातात.

हे सहा तास कुठे जातात ते घराघरांत ठाऊक आहे. पित्त झाले असेल म्हणून सोडा-लिंबू, मग छातीला बाम, मग ओळखीच्या डॉक्टरची संध्याकाळची वेळ, मग गाडीची शोधाशोध, आणि शेवटी ज्या रुग्णालयात ईसीजीपलीकडे काही होत नाही तिथे पहिली फेरी. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, कारण नसताना घाम किंवा दम, आणि मधुमेही व वयस्क माणसांत नुसता थकवा किंवा मळमळ, यांतले काहीही सुरू झाले आणि थांबत नसेल, तर घरी वाट पाहू नये. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची मोफत रुग्णवाहिका २०१४पासून चालू आहे. तो क्रमांक लावावा, जिथे ईसीजी लगेच निघेल आणि गुठळीवरचे औषध किंवा अँजिओप्लास्टी मिळेल अशाच ठिकाणी जावे, आणि दुखणे किती वाजता सुरू झाले ती वेळ कागदावर लिहून डॉक्टरच्या हातात द्यावी.